आत्याबाईंचा कोंबड्यांचा प्रश्न

गावाला रेडिओ मिळाला तेव्हा तो सगळ्या गावाचा आहे, असं सांगून मिळाला. हे आधीच सांगते, कारण तो सगळ्या गावाचा कसा नव्हता, एवढंच मला पुढं सांगायचं आहे. मला अजून राग येतो. पोरं म्हणतात, आई, किती वर्षं झाली, सोड आता. मी काही तो राग हातात धरून बसलेली नाही. तोच येतो, न बोलावता, भावकीतल्या माणसासारखा.

आमचं गाव दौंड तालुक्यातलं, राहू गावाच्या अंगाचं, भीमेच्या काठावर. नदी ओलांडली की शिरूर तालुका लागतो आणि तिथं माझं माहेर. मी सातवी पास होऊन लग्न करून आले तेव्हा स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. नवरा दौंडला रेल्वेत होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. घराच्या मागच्या परसाला चावडीच्या अंगणाची पुरुषभर उंच भिंत लागून होती. भिंतीच्या अलीकडं आत्याबाईंच्या कोंबड्या आणि पलीकडं सरकारचा रेडिओ.

रेडिओ म्हणजे कोरड्या बॅटरीवर चालणारी लाकडी पेटी. आठवड्यातून दोन संध्याकाळी पुण्याच्या केंद्रावरून खेड्यांसाठी कार्यक्रम लागायचा. तो ऐकायला गावोगाव श्रोतेमंडळं केली होती. मंडळींनी एकत्र बसायचं, ऐकायचं, त्यावर बोलायचं आणि काही शंका असली तर छापील फॉर्मवर लिहून पुण्याला धाडायची. दोन-तीन आठवड्यांनी उत्तर यायचं, तेही रेडिओवरूनच, आणि उत्तराआधी विचारणाऱ्याचं नाव आणि गाव सांगायचे. आपल्या गावाचं नाव त्या पेटीतून बाहेर पडलं की चावडीत एकदम सगळे गप्प व्हायचे आणि मग एकदम सगळे बोलायचे. ही पद्धत चांगली होती. ज्यांनी ती काढली त्यांना मी नावं ठेवणार नाही.

मंडळात वीस जण होते, वीसच्या वीस पुरुष. बायकांना कुणी नको म्हटलं नव्हतं. बोलावलंच नव्हतं, मग नको कशाला म्हणतील? मंडळाचे निमंत्रक माझे चुलत सासरे, म्हणजे आत्याबाईंचे थोरले दीर. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. माळकरी माणूस. दारू नाही, तमाशा नाही, कुणाच्या बांधावर पाय नाही. वाईट माणसावर रागवायला सोपं असतं. या माणसावर रागवायला मला फार कष्ट पडले आणि म्हणून तो राग टिकला.

फॉर्म भरायचं काम निमंत्रकाचं. तर आप्पांनी पहिल्या दिवसापासून एक रीत पाडली. प्रश्न कुणाचाही असो, कुणाच्या उसाला हुमणी लागलेली असो, कुणाची म्हैस आटलेली असो, फॉर्मवर नाव यांचं. पुण्याला वाटलं असेल, काय हा शेतकरी! याची म्हैसही आटते, उसालाही कीड लागते, विहिरीलाही खारं पाणी येतं, तरी बिचारा उत्साहानं लिहितोय. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण रेडिओवर गावाचं नाव येतंय ना, मग माणसाचं कुणाचं येतंय याला काय महत्त्व, असं म्हणून मंडळी बसायची.

आत्याबाई परसात बसून सगळं ऐकायच्या. कार्यक्रमाच्या दोन संध्याकाळी त्या चूल लवकर पेटवायच्या, भाकरी उरकून भिंतीला पाठ लावून बसायच्या. ऐकता ऐकता कोंबड्यांना कोंडा घालायच्या. सत्तर-पंच्याहत्तर कोंबड्या होत्या. शेत दिराच्या हातात, घर नवऱ्याच्या नावावरून मुलाच्या नावावर गेलेलं. त्या बाईचं स्वतःचं म्हणावं असं जगात काही असलं तर त्या कोंबड्या. अंडी भुश्यात घालून माझा नवरा दौंडच्या रेल्वे कॉलनीत घेऊन जायचा. त्या अंड्यांच्या पैशावर आत्याबाईंनी एक बेत केला होता आणि तो माझ्याबद्दल होता.

"तू सातवी फायनल पास हायस. पुण्याला बायकांचं ट्रेनिंग कॉलेज हाय. दोन वर्सं जा. मास्तरीण होऊन ये."

मी म्हटलं, "आणि घर?"

"घर काय पळून जातंय व्हय?"

सुनेला शिकायला धाडणारी सासू त्या काळी आमच्या पंचक्रोशीत दुसरी नव्हती. नवरा म्हणाला, आईचं ठरलं म्हणजे ठरलं. येत्या जूनला जायचं, असं नक्की झालं. मी आनंदानं रात्रंदिवस जुनी पुस्तकं चाळत होते. आता त्या आनंदाची आठवण आली तरी चीड येते.

त्या वर्षी थंडी संपताना नदीच्या वरच्या अंगाच्या गावांत मानमोडी आली. कोंबड्यांचा रोग. कोंबडीची मान पिळवटते, ती एका जागी गोल फिरते आणि मरते. एकीला झाला की आठ दिवसांत सगळं खुराडं रिकामं होतं. आत्याबाईंनी बातमी ऐकली आणि मला म्हणाल्या, "कागद घे. रेडिओला इचार."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. मानमोडी येण्याआधी काय करावं, कुठलं औषध, ते कुठं मिळतं. खाली त्यांचं नाव लिहिलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट. नवऱ्याचं नाव त्या घ्यायच्या नाहीत, ते मी विचारून लिहिलं नाही, मला ठाऊक होतं. आणि सासूचं नाव मीही कधी तोंडानं घेतलेलं नव्हतं. आमच्यात सून घेत नाही. पण लिहायला बंदी नव्हती. त्या लिहिलेल्या ओळीकडं आत्याबाई बराच वेळ बघत राहिल्या. अक्षर त्यांना येत नव्हतं.

"हे रेडिओवर म्हंतील?"

"म्हणतील की. नाव आणि गाव म्हणतात."

"थोरले काय म्हंतील?"

थोरले काय म्हणाले ते माझ्या नवऱ्यानं कागद नेऊन दिला तेव्हा कळलं. "बाईमानसाचं नाव चावडीत वीस गड्यांम्होरं? भावकीची काय अब्रू हाय का न्हाई? प्रश्न धाडतो. नावाचं माझं मी बघतो." त्यांनी बघितलं. नेहमीप्रमाणे स्वतःचं टाकलं. कोंबड्यांच्या प्रश्नाखाली एका माळकऱ्याचं नाव जातंय, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. सवय लागली की हात आपोआप चालतो.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आम्ही दोघी भिंतीला कान लावून होतो. रेडिओवरच्या माणसानं गावाचं नाव घेतलं, मग थोरल्यांचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाला, हे आपल्या कोंबड्यांविषयी विचारतात. चावडीत असा हशा उसळला की पुढची दोन वाक्यं आम्हाला ऐकूच आली नाहीत.

"आप्पा, कोंबड्या कवा पाळल्या?"

"माळ काढून ठिवली का काय?"

"आंडी ताजी हायत का आप्पा?"

उत्तर मात्र सोन्यासारखं होतं. लस टोचून घ्या, रोग शिरायच्या आधी. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्याला आम्ही तुमचं नाव कळवलं आहे, त्यांचा माणूस लस घेऊन तुमच्या घरी येईल. आत्याबाईंच्या कानात एवढंच राहिलं, माणूस घरी येईल. नाव आपलं घेतलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं का? वाटलं. त्यांनी हातातला कोंडा सगळा एकदम टाकून दिला. पण म्हणाल्या, "जाऊं दे. कोंबड्या वाचत्यात न्हवं?"

पण माणूस ज्याचं नाव त्याच्याच दारात जाणार, हे तेव्हा आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही. एवढी सातवी पास मी!

आत्याबाईंनी खुराडी झाडली. कोंबड्या झाकायची वेताची डालगी गोळा केली, शेजारणींकडून चार मागून आणली. पुढचे तीन-चार दिवस रोज सकाळी सगळ्या कोंबड्या डालून ठेवायच्या, माणूस आला तर पकडापकडीत वेळ जायला नको म्हणून. कोंबड्या आत ओरडायच्या आणि आत्याबाई त्यांची समजूत घालत बसायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी तो आला. सायकलला फ्लास्क बांधलेला. त्यात बर्फ आणि लस. आमच्या दारावरून तो पुढं गेला आणि समोर थोरल्यांच्या ओट्याशी उतरला. थोरले ओट्यावर बसलेले. त्यानं कागद काढून नाव वाचलं. तुम्हीच ना? तुमच्या कोंबड्यांना टोचायचंय.

ओट्यावर शेजारचे दोघं-तिघं होते आणि त्या हशाला आठवडाही झाला नव्हता. थोरल्यांनी गळ्यातली माळ बाहेर काढून त्याला दाखवली.

"ही बघा. आमच्या घरात तीन पिढ्या कोंबडं न्हाई. कुनीतरी चुकून नाव दिलंय. जावा तुम्ही."

मी दाराच्या आत उभी होते. परसातून आत्याबाई हळू आवाजात म्हणत होत्या, "जा की. सांग त्येला. म्हनावं कोंबड्या हितं हायत." त्या स्वतः येऊ शकत नव्हत्या. थोरल्या दिरासमोर त्यांनी लग्न झाल्यापासून शब्द काढलेला नव्हता. त्यांच्याकडं काही मागायचं तर पोराकडून, नाहीतर भिंतीकडं तोंड करून. आणि माझे ते चुलत सासरे. मी पदर डोक्यावर ओढला, उंबऱ्यात आले आणि तिथंच थांबले. दहा पावलं नव्हती. एक हाक मारायची होती. "अहो" एवढंसुद्धा पुरलं असतं. मूग गिळून बसणं म्हणतात. मी उभ्यानं गिळले.

तो सायकलवर बसला. तेव्हा कुठं मी हलले. मी मागच्या दारानं, परसातून, वळसा घालून रस्त्याला पळाले. गावाबाहेर वडापाशी पोचले तेव्हा लांब धूळ दिसत होती. मी ओरडले. तिथं कुणी सासरा नव्हता, त्यामुळं आवाज चांगला निघाला.

माझा सगळ्यात जास्त राग थोरल्यांवर आहे असं पोरांना वाटतं. आहेच. पण त्या उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या एकोणीस वर्षांच्या बाईवर जो आहे, तो त्याच्या बरोबरीचा आहे.

नवरा शनिवारी आला, सोमवारी दौंडला दवाखान्यात जाऊन उभा राहिला. तिथं सांगितलं, तुमच्या गावाचा निरोप आलाय, कोंबड्या नाहीत म्हणून. आता नव्यानं लस येईल तेव्हा धाडतो, पंधरा दिवस लागतील. मानमोडीला पंधरा दिवस लागले नाहीत. गुरुवारी पहिली कोंबडी मान वाकडी करून गोल फिरायला लागली. पुढच्या गुरुवारी परसात तीन उरल्या आणि रविवारी त्याही नव्हत्या. आत्याबाईंनी खड्डा खणायला कुणाला बोलावलं नाही. स्वतः खणला, स्वतः पुरल्या, वर चुना टाकला. रिकामी डालगी एकात एक घालून कोपऱ्यात ठेवली आणि शेजारणींची चार परत करून आल्या.

त्या आठवड्यात थोरले एकदा परसाच्या दारापाशी आले आणि हवेत बोलल्यासारखं म्हणाले, "देवाची मर्जी." तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. देवानं फॉर्म भरला होता का?

जूनची गोष्ट निघाली नाही. कुणी काढली नाही. मी पुस्तकं माळ्यावर टाकली.

एके दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "कारड हाय का घरात?" होतं. "लिही. मागल्या महिन्यात ज्यो कोंबड्यांचा प्रश्न आला त्यो माजा व्हता. नाव दुसऱ्याचं लावलं म्हनून लस माज्या दारात आली न्हाई. माज्या समद्या कोंबड्या मेल्या. आता परत पाळायच्या तर खुराडं कसं शुद्ध करावं आन् किती दिस थांबावं?" मी त्यांच्या बोलण्यातलं एक अक्षर बदललं नाही. खाली नाव लिहिलं. त्यांनी तव्याच्या काजळीत अंगठा बुडवला आणि नावाच्या शेजारी दाबला. नवऱ्यानं ते कार्ड दौंड स्टेशनच्या पेटीत टाकलं. निमंत्रक नाही, फॉर्म नाही, थेट पुणे.

पुढं दर कार्यक्रमाला आम्ही भिंतीशी. परस आता फार शांत असायचं, त्यामुळं रेडिओ आधीपेक्षा स्वच्छ ऐकू यायचा. तिसऱ्या आठवड्यात रेडिओवरचा माणूस म्हणाला, आज एका भगिनीचं पत्र आलं आहे. मग आमच्या गावाचं नाव घेतलं. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. तो म्हणाला, या भगिनी लिहितात, मागल्या महिन्यातला कोंबड्यांचा प्रश्न माझा होता.

खट् आवाज झाला. पुढं काही नाही.

"बॅटरी उतरली," थोरले पलीकडून म्हणाले.

वीस माणसं बसली होती. एकानंही म्हटलं नाही की आप्पा, बॅटरी गेल्याच आठवड्यात नवी घातली. खोकले, उठले, चपला शोधल्या आणि गेले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, अशी म्हण आहे. आमच्याकडं झाकायला कोंबडंही उरलं नव्हतं. आत्याबाईंनी माझं मनगट सोडलं आणि आत जाऊन पडल्या. जेवल्या नाहीत. मी जेवले, मला रागानं भूक लागते.

चार दिवसांनी माहेरून भावाचं पोस्टकार्ड आलं. नदीपलीकडच्या आमच्या गावातही श्रोतेमंडळ होतं, तिथला रेडिओ मारुतीच्या देवळात ठेवलेला आणि तिथं बॅटरी उतरलेली नव्हती. भावानं लिहिलं होतं: काल रेडिओवर तुझ्या सासूबाईंचं पत्र सगळं वाचलं. आणि पुढं त्यानं त्यांचं नाव लिहिलं होतं, पूर्ण, जसं ऐकलं तसं. हे नाव दोनदा घेतलं, पत्राच्या आधी एकदा आणि उत्तराच्या आधी एकदा. मग उत्तर होतं, चुना कसा मारावा, कचरा कसा जाळावा, किती दिवस थांबावं. शेवटी लिहिलं होतं, ज्यानं त्यांच्या प्रश्नाला आपलं नाव लावलं तो कोण, असं इकडं सगळे विचारताहेत.

म्हणजे शिरूर तालुक्यात ऐकू गेलं. पुण्यात गेलं. जिथं जिथं असली पेटी होती तिथं तिथं त्या बाईचं नाव गेलं. भिंतीच्या पलीकडं तेवढं गेलं नाही.

कार्ड आलं तो दिवस नेमका कार्यक्रमाचा होता. मी ते आत्याबाईंना स्वयंपाकघरात वाचून दाखवायला लागले आणि नावापाशी अडखळले. सवयीनं "तुमचं नाव" असं म्हटलं.

"काय नाव?"

"तुमचं."

"कारडात काय लिवलंय त्ये वाच."

"आत्याबाई, मी कसं घेऊ?"

त्या उठल्या. माझा दंड धरून मला परसात घेऊन आल्या, भिंतीपाशी. पलीकडं मंडळी जमलेली होती, कार्यक्रम नुकताच लागला होता, उसाच्या लागणीवर कुणी बोलत होतं. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर मागं सरकवला.

"हितं वाच. मोठ्यांदा. नावासकट."

मी वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदा आवाज तसाच निघाला, उंबऱ्यातला. मग मला वडापाशी ओरडले होते ते आठवलं. मी कार्ड तोंडासमोर धरलं आणि पहिल्या ओळीपासून, शाळेत धडा म्हणतात तसं, खणखणीत वाचलं. नाव आलं तेव्हा थांबले नाही. घेतलं. जन्मात पहिल्यांदा सासूचं नाव घेतलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट.

भिंतीपलीकडं बोलणं थांबलं. रेडिओ तेवढा बोलत होता.

"परत घे," आत्याबाई म्हणाल्या.

मी परत घेतलं. पलीकडून कुणीतरी रेडिओ मोठा केला. कुणी ते सांगायला नको. ऊस एकदम आमच्या परसात येऊन ओरडायला लागला.

मी मास्तरीण झाले नाही. पुढच्या वर्षी पोटात पोर होतं, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरं. आत्याबाईंनी चुना मारून, सांगितले तेवढे दिवस थांबून बारा पिल्लं आणली. पण बारा कोंबड्यांवर कुणी पुण्याला जात नाही. इथं मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. थोरल्यांचं लिहायचं नाही हे मी ठरवलंच होतं, त्यांचं पुष्कळ वेळा येऊन गेलं. आत्याबाईंचंही नाही, कारण सून म्हणून ते मी एकाच संध्याकाळी घेतलं आणि त्या संध्याकाळी जेवढं घ्यायचं तेवढं घेतलं.

त्या संध्याकाळी थोरल्यांनी रेडिओ मोठा केला तशी आत्याबाईंनी कोपऱ्यातलं एक डालगं ओढलं, भिंतीला लावून पालथं घातलं आणि मला म्हणाल्या, "ह्याच्यावर चढ."

मी चढले. माझं डोकं भिंतीच्या वर आलं. वीस जणांनी माझ्याकडं पाहिलं. थोरल्यांचा हात रेडिओच्या बटणावर होता. मी कार्ड धरलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.